विहीर, मन्नत आणि आम्ही

मोहरमच्या दहाव्या दिवशी सवाऱ्या थंड करायला विहिरीवर किंवा नदीवर न्यायच्या, ही मराठवाड्यातली जुनी रीत. आमच्या कळंबकडच्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांना ती चांगली आठवते. सवारी धरणारा पुष्कळदा हिंदू असे आणि मलिदा सगळे वाटून खात. खाजा खिज्रच्या नावानं पाण्यावर दिवा सोडणाऱ्या बायाही आमच्या आजीच्या पिढीत होत्या. आता बऱ्याच विहिरींतलं पाणी बोअरनं खाली ओढलं. जिथं ते उरलं, तिथली रीत आम्हीच सोडत आलो.

सोडली ते चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. मागायचं ते अल्लाहकडेच. विहीर काय देणार? ज्या झाडाखाली बैअत झाली, तिथं लोक खास नमाज पढू लागले म्हणून हजरत उमर यांनी ते झाड तोडायला लावलं, अशी रिवायत आहे. पण त्याच काळात हजरत उस्मान यांनी मदिन्यातली रूमा विहीर विकत घेऊन सर्वांना खुली केली आणि साद बिन उबादा यांनी आपल्या मरहूम आईच्या नावे विहीर खोदली. आमच्या सुधारणेनं झाडाची गोष्ट तेवढी पाठ केली. (तकरीरीला तीच सोपी पडते.)

हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. आयर्लंडमध्ये सुमारे ३,००० पवित्र विहिरी आहेत. लोक त्यांना फेऱ्या घालत, शेजारच्या झाडाला चिंध्या बांधत, अगदी आपल्या दर्ग्यातल्या मन्नतीच्या धाग्यांसारख्या. १९व्या शतकात तिथल्या कॅथलिक पाद्र्यांनीच या जत्रांना विरोध केला.

रीतीबरोबर धाकही गेला. सवारी ज्या पाण्यात उतरायची, त्यात कचरा टाकायला हात धजत नसे. पण जुन्या काठाचं फार कौतुकही नको. त्यावर सगळ्यांना जागा नव्हती. गावविहीर दलितांना बंद होती आणि पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. म्हणजे पवित्र मानणं पुरेसं नव्हतं. मग पवित्र मानणं सोडून आम्ही त्या जागी काय ठेवलं? एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा गाळानं भरलेल्या विहिरी आमच्या मोहल्ल्यांतही होत्या. एक विहीर उपसायला किती वर्गणी लागते? मशिदीला फरशी बसवायची असली की ती जमते.

आमच्या वर्गातली मुलं वुजूचे चार फर्ज बिनचूक सांगतात. वुजूचं पाणी येतं कुठून, असं उन्हाळ्यात विचारलं की म्हणतात, टँकरमधून.