पूर ओसरल्यावर नदी काय सांगते?



पुण्यातली मुठा नदी वर्षातले बरेच महिने संथ असते. खडकवासला धरणात अडवलेले पाणी शहराला आणि कालव्याला जाते. शहरातल्या पात्रात उरते ते मुख्यतः सांडपाणी. पावसाळ्यात धरण भरून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. काळ्या पाण्याच्या जागी गढूळ लोंढा धावू लागतो आणि साचलेली जलपर्णी वाहून जाते.

पाणी ओसरल्यावर सुरक्षित जागी पंधरा मिनिटे शांत उभे राहून पाहावे. पाणकावळा पंख पसरून वाळवत असतो. टिटवी ओरडत चिखलावरून फिरते. दगडावर वंचक बगळा मान आखडून निश्चल बसलेला असतो; या दिवसांत त्याच्या पाठीवर गडद तांबडा रंग चढलेला असतो. ढोंगी ध्यानाला आपण बकध्यान म्हणतो. पण बगळा ढोंग करत नाही. त्याला भूक आहे, म्हणून त्याचे लक्ष ढळत नाही. आपले मन नामस्मरणात भटकते, कारण तशी भूक आपल्याला अजून लागलेली नाही.

आता जरा वर पाहा. फांद्यांना आणि पुलाच्या कठड्यांना पिशव्या, चिंध्या लटकलेल्या दिसतात. पाणी कुठवर चढले होते, त्याची ती खूण. आपणच ठेवलेली ठेव नदीने परत केली आहे.

उरलेली कुठे गेली? ‘पुराने नदी स्वच्छ झाली’ असे आपण सहज म्हणतो. पण घाण नाहीशी होत नाही, पुढे जाते. मुळा-मुठा भीमेला मिळते. भीमा उजनी धरणातून पुढे पंढरपूरला पोहोचते आणि तिथे तिलाच आपण चंद्रभागा म्हणतो. म्हणजे इथे टाकलेले विठुरायाच्या दारापर्यंत जाते.

मनाचेही असेच आहे. भजनात भाव दाटून येतो, डोळे भरतात, मन धुऊन निघाल्यासारखे वाटते. तो पूर खोटा नसतो. ती कृपाच असते. पण राग, मत्सर, निंदा यांचे नाले चालूच राहिले, तर चार दिवसांत पाणी पुन्हा काळे होते. आणि ‘राग बाहेर काढून मोकळा झालो’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो राग संपलेला नसतो. तो आईच्या, पत्नीच्या, हाताखालच्या माणसाच्या मनात जाऊन साचतो.

म्हणून पुराची वाट पाहत बसणे ही साधना नव्हे. रोज एक नाला अडवणे, ही साधना. देवाचे निर्माल्य नदीत न सोडता खतात घालावे, हा बाहेरचा नाला. आणि आतला शोधायचा असेल, तर रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे : आज माझ्याकडून वाहत जाऊन कोणाच्या दारी काय पोहोचले?

उत्तर मिळाले, तर उद्या सकाळी त्या माणसाशी दोन शब्द गोड बोलावेत. पूजा तिथूनच सुरू होईल.