अग्नीची मर्यादा पाळणे हीच अग्नीची पूजा



ऋग्वेदाचे पहिले सूक्त अग्नीचे आहे. विवाहातही आपण अग्नीलाच साक्षी ठेवतो. या देवतेला यज्ञात बोलावताना तीन गोष्टी पाळल्या जातात. अग्नीला कुंडाची जागा ठरवून दिलेली असते, भोवती पाणी शिंपडले जाते आणि पूर्णाहुतीपर्यंत यजमान आसन सोडत नाही. जागा, पाणी आणि जागरूकता! यज्ञमंडपाबाहेर आपण हे का विसरतो?

छत्तीसगडमध्ये १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनांच्या अग्निसुरक्षेचा काळ असतो. याच दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे मोहाची फुले गळतात. ती नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. माणूस घरी जातो, विस्तव मागे राहतो आणि वाऱ्याबरोबर जंगलात शिरतो. जमिनीवरच्या घरट्यांतील अंडी आणि मोहाची कोवळी रोपेही जळतात. ज्या मोहावर घराची चूल पेटते, त्याचीच पुढची पिढी नष्ट होते. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. पाचोळा झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली जाळी पसरली, तर फुले स्वच्छ मिळतात आणि वनही वाचते.

रायपूरमध्ये राहणाऱ्या आपणा सर्वांचीही जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निर्णयात दिवाळीला फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये भरपाईचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये दिला. दंडाच्या भीतीने नियम पाळणे ही पहिली पायरी. शेजारच्या घरातील आजारी वृद्धाचा आणि तान्ह्या बाळाचा श्वास आपला मानून नियम पाळणे, ही साधना.

चला, संकल्प करू या. होळी विजेच्या तारांखाली किंवा झाडाजवळ पेटवणार नाही. तिच्यात टायर, प्लास्टिक टाकणार नाही. फटाके असोत वा शेकोटी, पाण्याची बादली जवळ ठेवू. आणि भस्म कपाळी लावण्याइतके थंड झाल्याशिवाय कोणत्याही अग्नीजवळून उठणार नाही.