हातचा

गणितात मला सर्वांत मानवी वाटते ती गोष्ट म्हणजे हातचा. एककाच्या घरात मावले नाही, की जास्तीचे ओझे दशकाच्या दारात जाते आणि शेजाऱ्याने ते निमूट उचलायचे असते.

संगणकाच्या पोटात मात्र हातचा नसलेली गणितेही चालतात. तेथे अंक दोनच: शून्य आणि एक. सहा म्हणजे ११०, तीन म्हणजे ०११. एकाखाली एक मांडा. ‘आणि’ म्हटले, तर दोन्हीकडे एक असेल त्याच घरात एक: ०१०, म्हणजे २. ‘किंवा’ म्हटले, तर कोठेही एक असला की पुरे: १११, म्हणजे ७. तिसरी क्रिया आपल्या मराठीतला ‘की’. दोघांपैकी एकच हवा. दोघे आले तर शून्य: १०१, म्हणजे ५. (आमच्या कोल्हापुरात ‘तांबडा की पांढरा?’ हा प्रश्नच नाही. दोन्ही वाट्या समोर येतात.) प्रत्येक घर आपापल्यापुरते पाहते.

दोन खुणांची ही भाषा आपल्याला परकी नाही. लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरांचे गण आठच होतात. येथल्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवणाऱ्या माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’त त्याच खुणांनी मराठी कवितेची नाडी पाहिली. पण वृत्तातही जोडाक्षराचा आघात आला, की मागचा लघु गुरू होतो. शेजार सुटत नाही.

मग माणसांचा हिशेब कोणत्या रीतीने करावा? शिक्षकांच्या खोलीत नव्या मुलाचे नाव निघते आणि कोणीतरी म्हणतो, ‘अमक्याचा धाकटा ना? मग झालेच!’ अशा वेळी वाटते, संगणकाचा न्याय बरा. दोषाला हातचा नसावा.

पण सहा आणि तीन मिळून नऊ होतात ते कसे? ‘की’चे पाच, आणि ‘आणि’चे दोन एक घर डावीकडे सरकवून झालेले चार. दोघांजवळ एक-एक असेल तेथेच हातचा जन्मतो, आणि ते घर स्वतः रिकामे होते.

माझ्या माहितीतल्या एका घरी आई आणि थोरली मुलगी दोघी राबल्या. थोरलीची शाळा सुटली. धाकटी शिकली, नोकरीला लागली, तिचा सत्कार झाला. थोरली मागच्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारले, ‘ही काय करते हो?’