मोजलेल्या हरणांचा हिशेब

एखाद्या जिवाचे नाव वहीत लिहिले म्हणजे त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य पुरे होते का? आम्हा शिक्षकांना हा प्रश्न नवा नाही. २०११ साली नांदेड जिल्ह्यात पटपडताळणी झाली आणि पटावर नाव आहे पण वर्गात मूल नाही, असे प्रकार उघडकीस आले. त्याच वर्षी ३ ते ५ ऑक्टोबरला ही मोहीम साऱ्या राज्यात राबवली गेली. तेव्हापासून मराठवाड्यातल्या शिक्षकांना 'पट' या शब्दाचे वजन जरा अधिक कळते. आज मात्र आम्ही मुलांच्या नव्हे, दुसऱ्याच एका पटाविषयी लिहीत आहोत. प्राणिसंग्रहालयांत ठेवलेल्या, खूर असलेल्या वन्य प्राण्यांचा पट.

नांदेड-लातूरकडच्या शाळांची सहल वेरूळ-दौलताबादला निघाली की औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, सिद्धार्थ उद्यान पाहिल्याशिवाय परतत नाही. ऐपत असलेल्या शाळा पुण्याच्या कात्रजपर्यंत जातात. वाघाच्या पिंजऱ्यापुढे मुलांची झुंबड उडते. हरणांच्या कुंपणापाशी कोणी फारसे थांबत नाही. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी ठिपक्यांचे चितळ, थोराड सांबर आणि पिळाच्या शिंगांचा काळवीट हे सगळेच 'हिरन'. वास्तविक चितळ-सांबराची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने फुटतात. काळविटाची जन्मभर टिकतात. कुळेच वेगळी आहेत. पण ज्याला वेगळे नाव नाही तो वेगळा दिसत नाही, आणि जो वेगळा दिसत नाही तो नाहीसा झाला तरी कळत नाही.

ही अतिशयोक्ती नाही. दक्षिण आफ्रिकेत क्वागा नावाचा, अर्ध्याच अंगावर पट्टे असलेला एक झेब्रा होता. तिकडचे लोक कुठल्याही झेब्र्याला सर्रास क्वागाच म्हणत. त्यामुळे खरा क्वागा संपत आला तरी कानावर नाव पडतच राहिले. १२ ऑगस्ट १८८३ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात एक क्वागा मादी मेली. ती शेवटची होती, हे त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हते. कुठल्या प्राणिसंग्रहालयात कोणता प्राणी किती उरला आहे, याची एकत्र नोंद तेव्हा कोणीही ठेवत नव्हते.

आता ती ठेवली जाते. लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने १९६० पासून जगभरच्या प्राणिसंग्रहालयांचा वार्षिक ग्रंथ काढायला सुरुवात केली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आले. प्रत्येक मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाला दरवर्षी ३१ मार्चअखेरचा हिशेब या प्राधिकरणाकडे द्यावा लागतो. वर्षारंभी किती होते, जन्मले किती, आणले किती, दुसरीकडे दिले किती, मेले किती, उरले किती. आकडे टिंबांनी लिहितात. २.३.१ म्हणजे दोन नर, तीन माद्या आणि ज्याचे लिंग अजून समजलेले नाही असा एक. मुलगे किती, मुली किती, दाखल किती, खारीज किती हे महिन्याच्या महिन्याला लिहिणाऱ्या आम्हा मास्तरांना हा तक्ता अगदी ओळखीचा वाटतो.

या वह्यांनी खरोखर जीव वाचवले आहेत. मंगोलियाचा रानटी घोडा १९६९ नंतर रानात दिसला नाही. जे उरले ते प्राणिसंग्रहालयांत, आणि तेही रानातून पकडलेल्या अवघ्या बारा-तेरा घोड्यांचे वंशज. १९५९ पासून प्राग येथे त्यांच्या वंशावळीची वही ठेवली गेली. कोणाची जोडी कोणाशी लावावी, हे तिच्यावरून ठरू लागले. १९९२ पासून ते घोडे पुन्हा मंगोलियाच्या माळावर गेले. अरबस्तानातल्या पांढऱ्या ओरिक्सची कथाही अशीच. अरब लोक त्याला 'महा' म्हणतात. मोटारी आणि बंदुका वाळवंटात पोचल्यावर तो टिकला नाही. १९७२ साली ओमानमध्ये रानातला शेवटचा कळप संपला. पण त्याआधीच काही ओरिक्स अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात सांभाळायला नेले होते. त्यांचे वंशज १९८२ साली ओमानच्या वाळवंटात मोकळे सोडले गेले.

मग नोंद ही नेकीच झाली, असे म्हणून थांबावे का? थांबता येत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन प्राणिसंग्रहालयाने मारियस नावाचा तरुण, धडधाकट जिराफ मारला. कारण त्याच्यासारखे रक्त युरोपातल्या जिराफांत आधीच पुरेसे होते. वहीच्या हिशेबाने तो जास्तीचा ठरला. ज्या वहीने रानटी घोडा वाचवला, तशाच वहीने मारियसला जागा नाकारली. व्यवस्थापकांचा युक्तिवाद तर्काला धरून होता, हे मान्य केले पाहिजे. जागा मर्यादित आहे आणि जात टिकवायची तर आपसातले प्रजनन टाळलेच पाहिजे. पण वही जातीची असते आणि जीव एकेकटा असतो. जात टिकली याचे समाधान त्या एकट्या जिवाला कसे मिळावे? वर्गाचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलाला परीक्षेलाच बसू न देणारी शाळा असते, तिच्या हिशेबातही चूक नसते. तरी काहीतरी फार चुकलेले असते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. बेळगावजवळ कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे थोड्याच दिवसांत ३१ काळवीट दगावले. रोग घटसर्प. आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला हे नाव माहीत आहे; पावसाळ्यापूर्वी गुरांना त्याची लस टोचून घेतात. ते सगळे काळवीट नोंदलेले होते. नोंदीने रोग अडत नाही, हे उघडच आहे. पण नोंद होती म्हणूनच ३१ हा आकडा लपला नाही आणि जाब विचारता आला, हेही तितकेच खरे.

आणि ज्यांची नोंदच नाही त्यांचे काय? २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जनावरांसाठी छावण्या उघडल्या. तिथे गुरे मोजली जात, कारण अनुदान डोक्यामागे मिळे. माळावरच्या काळविटांसाठी मात्र छावणी नव्हती. त्यांची आठवण होते ती पेरणीनंतर, कोवळे पीक खाल्ले म्हणजे. तेव्हाही पंचनामा होतो तो पिकाचा. शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही, त्याचे नुकसान खरे आहे. तरीही कुंपणातला काळवीट तक्त्यात प्राणी म्हणून लिहिला जातो आणि शिवारातला फक्त नुकसानीचे कारण म्हणून, हा फरक आपल्याला खुपायला हवा.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. मांजर कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्या घरांतून लहान मुलांनाही सांगितली जाते. तिने मांजराला खायला दिले नाही आणि स्वतःचे अन्न शोधायला मोकळेही सोडले नाही. आम्हाला वाटते, तिच्या गुन्ह्याचे मर्म या दोन गोष्टी एकत्र येण्यात आहे. मोकळा प्राणी आपले पोट भरतो. ज्या क्षणी आपण दार लावतो, त्या क्षणी त्याची भूक, तहान, आजार आणि एकटेपण आपल्या खात्यावर चढते. कोंडलेला जीव ही अमानत होते. अमानतीची यादी हवीच. यादीशिवाय अमानत परत कशी करणार? पण यादी सांभाळली आणि अमानत गमावली, तर ती यादी आपल्याविरुद्धच गवाही देईल.

परत करणे हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. ओमानमध्ये सोडलेले ओरिक्स पुन्हा चोरट्या शिकारीला बळी पडले. त्यांचे अभयारण्यही आक्रसले आणि २००७ साली युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीतून वगळले. प्राणी टिकला होता, त्याची जागा टिकली नव्हती. प्राणिसंग्रहालयातल्या नोंदीचा अर्थ बाहेर माळरान शिल्लक असेल तरच लागतो. नाहीतर ती जन्मठेपेच्या कैद्यांची यादी ठरेल, मग ती कितीही नेटकी असो.

म्हणून आमचे मत असे की, नोंद ठेवणे हा पुण्यसंचय नव्हे, तो कर्जाचा कागद आहे. आपण नाव लिहितो तेव्हा हा जीव इथे आहे आणि त्याचे देणे आमच्याकडे आहे, अशी कबुली देतो. पुढच्या सहलीत मुलांना हरणांच्या कुंपणापाशी थोडा वेळ थांबवले पाहिजे. कोणते चितळ, कोणता काळवीट, हे ओळखायला शिकवले पाहिजे. आणि मग त्यांच्यापैकी कोणी विचारलेच की सर, याला इथे का ठेवलंय, तर त्या प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी आपण मोठ्यांनी ठेवली पाहिजे.