रक्तदान : दानतत्त्वाच्या कसोटीवर

‘दान’ हा शब्द शास्त्रकारांनी ज्या काटेकोरपणे योजिला, त्या काटेकोरपणे तो आज व्यवहारात योजिला जात नाही. श्रमदान, मतदान इत्यादी इतक्या ठिकाणी तो जाऊन बसला आहे की, मतपेटीजवळ जाऊन आलेला मनुष्यही दाता ठरावा. ‘रक्तदान’ हा शब्द याच पंक्तीतला, की त्यात दानाचे खरे लक्षण उतरते, असा प्रश्न आमच्याकडे येणारे तरुण उपदेशी विचारतात. प्रश्न केवळ शब्दाचा नव्हे. रक्त देणे हे दान नसून नुसता उपचार असेल, तर न देणाऱ्याकडे कोणताच दोष येत नाही. आणि ते दान असेल, तर देश, काल, पात्र यांचा विचार त्यालाही लागू करावा लागेल. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

आपले स्वामित्व निवृत्त करून त्या जागी दुसऱ्याचे स्वामित्व उत्पन्न करणे, हे दानाचे सामान्य लक्षण होय. यावर पहिला आक्षेप असा की, देह हा जीवाच्या मालकीचा नाही. तो साधन म्हणून लाभलेला आहे. मग जे आपले नाही ते देणार कसे? आक्षेप दिसतो तितका बळकट नाही. या अर्थाने पाहू गेल्यास दारी आलेल्यास घातलेली भाकरीही आपली नव्हे. जे साधन म्हणून हाती आले, ते योग्य ठिकाणी लावण्याचा अधिकार तेवढा आपला आहे, आणि दानाला तेवढा अधिकार पुरतो. सूचिकावेधाने होणारी आत्मपीडा अहिंसेच्या विरुद्ध जाते, असेही कोणी म्हणतात. पायात रुतलेला काटा काढतानाही सुई टोचावीच लागते; त्यास हिंसा म्हणणारा कोणी आम्हास आढळला नाही.

दुसरा आक्षेप मात्र विचारार्ह आहे. दानात त्याग हवा. शिबी राजाने मांडीचे मांस कापून ताजव्यात घातले, दधीचीने अस्थी दिल्या, कर्णाने अंगाला चिकटलेली कवचकुंडले सोलून दिली. (कर्णाने त्याबदली इंद्राकडून शक्ती मागून घेतली, ही गोष्ट त्याचे गुणगान करणारे बहुधा विसरतात.) त्यांच्यापुढे रक्तदात्याचा त्याग कितीसा? प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. त्यातून एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतले जाते. त्यातील द्रवभाग एकदोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. आणि न दिले तरी त्या पेशी राहणार थोड्याच आहेत? तांबड्या पेशीचे आयुष्यच सुमारे १२० दिवसांचे. पुढे शरीर आपणच ती मोडून टाकते. अर्थात कृपणाने जपून ठेवलेले रक्तही चार महिन्यांनी त्याचे राहत नाही. मग ज्यात काही जात नाही ते दान कसले, असा हा पूर्वपक्ष आहे.

यावर आमचे म्हणणे असे. जिवंत झऱ्याच्या विहिरीवरून तान्हेल्याला पोहराभर पाणी पाजणारा मनुष्य मोठा त्यागी ठरत नाही, हे खरे. पण तीच विहीर झाकून बसणाऱ्यास आपण काय म्हणतो? देण्यात झीज जितकी अल्प, तितकी देणाऱ्याची थोरवी कमी होईल. परंतु न देणाऱ्याचा दोष त्याच प्रमाणात वाढतो. शिबीसारखे मांस न दिल्याबद्दल कोणी कोणास बोल लावणार नाही. जे पुन्हा भरून येते ते न दिल्याबद्दल मात्र धडधाकट मनुष्यास स्वतःपाशी उत्तर द्यावे लागते. म्हणून अल्प त्यागाच्या या आक्षेपाने रक्तदानाचे दानत्व जात नाही. उलट त्यात कर्तव्याचा अंश अधिक आहे एवढेच सिद्ध होते.

‘मी न दिल्याने नेमका कोण मेला?’ असे विचारून ही जबाबदारी झटकता येते, आणि पुष्कळ जण झटकतात. रक्तपेढीतील पिशवीवर दात्याचे नाव नसते, तसेच रिकाम्या फळीवर न देणाऱ्याचेही नाव नसते. परंतु रक्त हे कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही, आणि साठवून साठवणार तरी किती? तांबड्या पेशी थंडीत सुमारे ४२ दिवस टिकतात. रक्तबिंबिका, ज्यांना दवाखान्यात प्लेटलेट म्हणतात, त्या पाचच दिवस. थॅलेसेमियाच्या तीव्र प्रकारातील मुलास दर दोन ते चार आठवड्यांनी जन्मभर रक्त लागते. विदर्भातील आणि खानदेशातील आदिवासी भागात दात्रपेशी रक्तक्षय, म्हणजे सिकलसेल, आढळतो. त्याच्याही कित्येक रुग्णांना वेळोवेळी परक्याच्या रक्ताचा आधार घ्यावा लागतो. तेव्हा एखाद्या पुण्यतिथीस शिबिर भरवून पुढे वर्षभर निश्चिंत राहणे, हे वर्षातून एकदा पोटभर जेवू घालून बाकीचे दिवस दार लावून घेण्यासारखे आहे.

आता पात्राचा विचार करू. आमच्या मते या विषयातील खरा रस येथेच आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. जो उलट उपकार करणार नाही अशास, योग्य देशी, योग्य काली, पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक. प्रत्युपकाराच्या वा फळाच्या आशेने आणि जड मनाने दिलेले राजस. रक्तदाता आपले पात्र पाहूच शकत नाही. त्याचे रक्त सज्जनास मिळेल की घातक्यास, हे त्याला कळत नाही, आणि कळूही नये अशीच व्यवस्था आहे. मग हे दान अपात्री पडण्याचा संभव नाही काय?

संभव आहे, असेच सरळ उत्तर द्यावे लागते. परंतु मरणोन्मुखाच्या ठिकाणी पात्रता कोणती पाहावयाची, हा प्रश्न उरतो. सशाच्या रक्षणाची लीळा आमच्या वाचकांस मुखोद्गत असेल. तेथे सशाचे गुणावगुण विचारले गेले नाहीत. आश्रयास आला, एवढीच त्याची पात्रता. विद्यादानात वा धनदानात घेणाऱ्याचे शील पाहणे योग्यच, कारण ते धन तो कशात घालील हे शिलावर अवलंबून असते. प्राणरक्षणात गरज हीच पात्रता होय. प्रत्युपकार न करणारा शोधून काढण्याचे काम तर येथे आपोआपच होते; जो आपणास ओळखत नाही तो फेड काय करील?

पात्रापात्रविवेक येथे नाहीसा होतो असे मात्र नव्हे. तो देहाच्या पातळीवर उतरतो आणि तेथे विलक्षण कठोर होतो. सन १६६७ मध्ये फ्रान्सात माणसाच्या शिरेत कोकराचे रक्त घालून पाहिले गेले. पुढे तो उद्योग निषिद्ध ठरला. १८१८ साली ब्लंडेल या इंग्रज वैद्याने माणसाचे रक्त माणसास दिले, तरी एक रुग्ण जगे आणि दुसरा दगावे, याचे कारण उमगत नव्हते. १९०१ साली कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगटांचा भेद प्रसिद्ध केला, तेव्हा उलगडा झाला. तो भेद वर्ण, जात, पंथ, भाषा यांपैकी कशाच्याही रेषेवरून जात नाही. सख्ख्या भावाचे रक्त न चालावे आणि ज्याच्या हातचे पाणी एके काळी घरात चालत नसे त्याचे चालावे, असे नित्य घडते. पंक्तिभेदाचा निषेध आमचे आचार्य शतकानुशतके करीत आले; नळीतील दोन थेंबांना तो कधी करावाच लागला नाही.

या संदर्भात मुंबईत १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी नोंदविलेला ‘बाँबे’ रक्तगट चिंतनीय आहे. सामान्य परीक्षेत हे रक्त ‘ओ’ गटाचे वाटते. परंतु ए, बी, ओ या सर्व गटांच्या मुळाशी असणारे ‘एच’ नामक द्रव्यच या मनुष्यांच्या पेशींवर नसते; म्हणून ‘ओ’चे रक्तही त्यांना विषवत् होते. आपल्याकडे दर १०,००० माणसांत असा सुमारे एक. त्याला देऊ शकेल असा दाताही त्याच मोजक्यांतला. इतरांच्या बाबतीत ‘मी नाही तर दुसरा कोणी देईल’ असे निदान म्हणता तरी येते. या मनुष्यास तेही म्हणता येत नाही. अधिकार जितका विरळ तितका ऋणभार मोठा, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हास सुचत नाही.

मूल्य घेऊन दिलेल्या रक्ताविषयी थोडक्यात. रिचर्ड टिटमस या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९७० साली आपल्या ग्रंथात असे मांडले की, रक्ताचा बाजार नीतीला तर बाधतोच, पण रक्तही बिघडवितो. कारण पैशासाठी येणारा आपला रोग लपवितो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय दिला आणि त्यानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांची पद्धत बंद झाली. बाजार गेला, तरी शिबिरात डबा, पिशवी, शिरस्त्राण वाटण्याची रीत पाहिली की राजस दान मागच्या दाराने परत आल्यासारखे वाटते.

टिटमसच्या या विवेचनात एक गोष्ट आमच्या दृष्टीने फार मोलाची आहे. अन्य दानांत दात्याचे असत्य दानाला विषारी करीत नाही. खोटे बोलून मिळविलेल्या धान्यानेही भूक शमते. रक्तात तसे नाही. एड्स, दोन्ही प्रकारची विषाणुजन्य कावीळ, उपदंश, हिवताप यांची परीक्षा प्रत्येक पिशवीची होते. तथापि संसर्गानंतरचा काही काळ असा असतो की, परीक्षेत तो उमटत नाही. त्या काळात घेणाऱ्याचे रक्षण दात्याच्या खऱ्या उत्तरावरच अवलंबून असते. म्हणून प्रश्नपत्रिकेवर सत्य लिहून परत जाणारा मनुष्य काही न देता गेला, असे आम्ही म्हणणार नाही. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली म्हणून परत पाठविल्या जाणाऱ्या भगिनींनीही खट्टू होऊ नये. तेथे कर्तव्य आहे ते आधी स्वतःचा रक्तक्षय बरा करण्याचे.

राहिला संन्यस्तांचा प्रश्न. भिक्षान्नावर वाढलेला देह हा परक्याच्या अन्नाचा. त्यातून तपस्व्याने रक्त द्यावे काय? काहींचे मत नकारार्थी आहे. भिक्षा देहयात्रेपुरती घ्यावी, तिच्यातून शिल्लक पाडून दाता म्हणविणे हा परिग्रहच, असे ते म्हणतात. या मताबद्दल आम्हास आदर आहे, पण ते आम्हास पटत नाही. येथे काही साठविले जात नाही. ज्या गावाने अन्न दिले त्याच गावाच्या रुग्णालयात त्या अन्नाचा अंश परत जातो. मात्र उपवासाच्या दिवशी देऊ नये, वजन ४५ किलोहून कमी असल्यास देऊ नये, आणि पुरुषाने ९० दिवस, स्त्रीने १२० दिवस मध्ये जाऊ द्यावेत. विरक्ती कितीही तीव्र असली तरी रक्तपेढीचे नियम तिला सूट देत नाहीत. वयाची मर्यादा १८ ते ६५ आहे. तेव्हा आमच्या मठांतील बहुतेकांस अद्याप अवकाश आहे.