पुण्याची डागडुजी

सत्कर्माचं फळ कुठं जमा होतं, यावर आपल्याकडे उदंड बोललं गेलंय. ते टिकतं कसं, याचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. पाणपोईवरची संगमरवरी पाटी वर्षानुवर्षं शाबूत राहते. खालचा नळ मात्र चार उन्हाळ्यांत गळायला लागतो.

अहिल्याबाई होळकरांचं नाव आपण घाट, बारवा, धर्मशाळांसाठी घेतो. मला त्याहून मोठी वाटते ती बांधून झाल्यानंतरची तजवीज. पूजेअर्चेला, अन्नछत्राला वर्षासनं लावून द्यायची आणि हा खर्च दौलतीच्या नव्हे, खासगीच्या उत्पन्नातून करायचा. १७९५ साली बाई गेल्या, तरी दिवाबत्ती अडली नाही.

गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आपलं म्हणून काही हाती ठेवायचं नाही, पण काम नीट चालवणाऱ्याच्या हाती द्यायचं, हा त्यांचा व्यवहार. (भोळेपणाचा यात लवलेशही नाही.)

त्यांच्या नावाची एक धर्मशाळा दादरला आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचाराला आलेली माणसं तिथं उतरतात. रेडिएशन रोज थोडं थोडं, असं कित्येक आठवडे चालतं. यवतमाळहून, बीडहून आलेल्याला औषधाइतकीच पाठ टेकायला जागा लागते. बगलेत स्कॅनचं मोठं पाकीट, हातात फायलींची पिशवी आणि डोक्यात एकच प्रश्न: खोली मिळेल का? अशा वेळी बाबांचं चरित्र कुणाला आठवतं? आठवलं नाही म्हणून काही बिघडतही नाही. संडास स्वच्छ असावा, चादर धुतलेली असावी, टाकीत पाणी असावं. बाबांना एवढंच हवं होतं.

अडचण इथंच आहे. खोली बांधायला देणगीदार मिळतो. तिथल्या चादरी धुणाऱ्याच्या पगाराला सहसा मिळत नाही, कारण पगारावर नाव कोरता येत नाही. देवस्थानांनी यावर तोड काढली आहे. कायमठेव ठेवायची आणि व्याजातून दरवर्षी वडिलांच्या तिथीला अन्नदान व्हायचं. तशीच ठेव सफाईवाल्या मावशींच्या पगारासाठी का नसावी? श्राद्धपक्षात पंगत उठवण्याऐवजी एखाद्या मुलाने भाद्रपदाचं वीजबिल आईच्या नावे भरलं, तर पितरही नाराज होणार नाहीत.