दार कोणी ठोठवायचे?

गरिबाला निवारा मिळावा, हे कोणीही मान्य करील. पण व्यसनी माणसाला घर द्यावे का, असे विचारले की आपल्यातले अनेकजण गप्प होतात. आधी त्याने नशा सोडावी, मग पाहू, असे आपले मन सांगते. माणुसकीला अशी अट घालता येते का?

कॅनडातील व्हँकुव्हर शहरापुढे हा प्रश्न अनेक वर्षे उभा आहे. तेथील डाउनटाउन ईस्टसाइड या वस्तीत जुन्या हॉटेलांच्या खोल्या गरिबांना भाड्याने दिल्या जातात. एकट्या माणसापुरती खोली आणि आपल्या चाळींप्रमाणे सामायिक संडास. याच वस्तीत २००३ साली, परिचारिकांच्या देखरेखीखाली नशा करता येईल असे 'इनसाइट' केंद्र सुरू झाले. २०११ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते चालू ठेवले. पुढे फेंटानिल हे अतिशय तीव्र द्रव्य बाजारात पसरले. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आरोग्य आणीबाणी जाहीर केली. तरीही २०२३ या एका वर्षात त्या प्रांतात अडीच हजारांच्या आसपास माणसे विषारी मादक द्रव्यांनी दगावली.

त्यातील बहुतेक रस्त्यावर नव्हे, चार भिंतींच्या आत मेली. फेंटानिलची मात्रा जास्त झाली की श्वास मंदावत थांबतो. नॅलॉक्झोन वेळेवर दिले तर तो परत येऊ शकतो. पण शुद्ध हरपलेला माणूस ते स्वतःला देऊ शकत नाही. जवळ दुसरे कोणीतरी लागते.

खरा पेच येथे आहे. दार माणसाला अब्रू देते आणि तेच दार त्याचे मरण लपवते. मग मालकाने हवे तेव्हा खोलीत शिरावे काय? तसे झाले तर ते घर न राहता कोठडी होईल. काही इमारतींतील भाडेकरूंनी वेगळा मार्ग धरला. ते स्वतः नॅलॉक्झोन देण्यास शिकले आणि एकमेकांची विचारपूस करू लागले. उर्दूत शेजाऱ्याला हमसाया म्हणतात, म्हणजे एकाच सावलीत राहणारा. पाळत आणि विचारपूस यांतला फरक या एका शब्दात आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये व्हँकुव्हर महापालिकेने या संकटासाठी मालमत्ता करात अर्धा टक्का जादा वाढ मंजूर केली. ज्याने कधी नशेला हात लावला नाही, त्याने हा भार का सोसावा? कारण पश्चात्ताप करायलाही माणूस जिवंत असावा लागतो. त्याच्या दोषाचा हिशेब नंतर करता येईल. थांबलेला श्वास मात्र वाट पाहत नाही.

पालिका खोली देईल, औषध देईल. बराच वेळ बंद असलेले दार मात्र शेजाऱ्यालाच ठोठवावे लागेल. आत कोण आहे आणि तो मदतीस पात्र आहे की नाही, हे न विचारता.